पिवळ्या दिव्यावरचा टॉवेल

प्रति,
खान्देशातले समस्त बिल्डिंग मालक, कॉम्प्लेक्सवाले शेठ, होस्टेल-अभ्यासिकेला जागा देणारे भाऊ, सोसायटीचे चेअरमन-सेक्रेटरी आणि वरचा मजला भाड्याने देणारे सगळे नाना, आप्पा, काकू यांना,

रामराम.

मी फायर अलार्मचं काम करतो. लायसन्सवाल्या एजन्सीकडे टेक्निशियन आहे, जळगाव धुळे नंदुरबार तिन्हीकडे फिरणं असतं, गाडीला शिडी बांधलेली, मागे एक पोऱ्या बसलेला, पिशवीत स्क्रूड्रायव्हर नि दोन बॅटऱ्या. कॉम्प्लेक्सच्या जिन्यात छताकडे मान करून उभा असलेला माणूस तुम्ही कधी पाहिला असेल तर तो मी असू शकतो. आता तुम्ही म्हणाल हा धंदा वाढवायला लिहितोय. म्हणा. धंदा आहेच माझा, पोट त्याच्यावरच आहे, पण खरं सांगू का, मला जास्त पैसे तुमच्या दुर्लक्षातूनच मिळतात, सिस्टिम सांभाळली असती तर दोन बॅटऱ्या बदलून मी परत गेलो असतो, सांभाळत नाही म्हणून सगळं पॅनलच (अलार्मचा मुख्य डबा) नवं घ्यावं लागतं.

तर मागच्या मे महिन्यातली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, मालकाचंही नाही, शेठ चांगला माणूस आहे, चहा पाजतो, पैसे वेळेवर देतो. तीन मजली कॉम्प्लेक्स, खाली मोबाईलची नि साड्यांची दुकानं, पहिल्या मजल्यावर दोन दवाखाने नि एक क्लास, वर अभ्यासिका, एमपीएससीवाली पोरं पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत बसलेली. शेठचा फोन आला, इन्शुरन्सवाल्याने फायरचं सर्टिफिकेट मागितलंय, येऊन जा आणि कागद देऊन टाक. मी म्हटलं येतो, पण तपासून देईन. ते म्हणे तपासायचं काय त्याच्यात, लागलेलं तर आहे ना सगळं.

लागलेलं होतं हे खरं. पॅनल जिन्याखालच्या खोलीत होतं आणि त्या खोलीत वेफर्सवाल्याच्या खोक्यांची थप्पी, तिच्यावरून हात घालूनच पॅनलपर्यंत पोचता येत होतं. पॅनलवर वॉचमनबाबाचा टॉवेल लटकवलेला. टॉवेल उचलला तर खाली पिवळा दिवा, फॉल्टचा, म्हणजे बिघाडाचा, आणि बझर म्यूट केलेला. बाबाला विचारलं हा दिवा कधीपासून लागलाय, तर बाबा एकदम निवांत, "तो दिवा कव्हयनाच चालू शे भाऊ, रातले डोयावर येस म्हनीसन टॉवेल टाकस." म्हणजे दिवा केव्हाचाच चालू आहे, रात्री उजेड डोळ्यावर येतो म्हणून झाकलाय. बाबाची काही चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हा दिवा म्हणजे काय, त्याला वाटलं बिल्डिंगचाच एक दिवा आहे, बिल्डिंग झाल्यापासूनचा.

पॅनल उघडलं. दोन बॅटऱ्या, बारा व्होल्टच्या, दोन्ही पोट फुगलेल्या, एकीचा पत्रा हिरवा पडलेला. म्हणजे लाईट गेली की पॅनल बंद, आणि आपल्याकडे मे महिन्यात लाईट किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. मग शिडी लावून वर गेलो. अभ्यासिकेत छताला पाच डिटेक्टर, धूर ओळखणारे, त्यातल्या तिघांवर ती केशरी प्लास्टिकची टोपी तशीच. बांधकामाच्या वेळी धूळ जाऊ नये म्हणून कंपनी टोपी घालून देते, काम संपलं की काढायची असते. आठ वर्षं झाली होती बिल्डिंगला. आठ वर्षं त्या तीन डिटेक्टरांच्या नाकावर बोट ठेवून बसवलेलं, खाली पोरं राज्यघटना पाठ करतायत.

शेठला वर बोलावून दाखवलं. शेठ टोपी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, मग म्हणे, "अरे पण अभ्यासिका तर मी भाड्याने दिलीय, हे त्यांनी बघायला पाहिजे होतं ना."

हे पत्र त्या एका वाक्यामुळे लिहितोय. कारण हे वाक्य मला चाळीसगावला ऐकू येतं, भुसावळला स्टेशनजवळच्या लॉजवर ऐकू येतं, धुळ्याला देवपुरात ऐकू येतं, शहाद्यालाही. भाड्याने दिलं म्हणजे आपलं काम संपलं, पाच तारखेला भाडं आलं की झालं, वरती काय चाललंय ते भाडेकरू जाणे.

नाही शेठ. आपल्या महाराष्ट्रात यासाठी वेगळा कायदाच आहे, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ सालचा, डिसेंबर २००८ पासून लागू, आणि २००९ मध्ये त्याचे नियम आले. त्याच्यात पहिलं नाव मालकाचं आहे. मालकाने उपाययोजना बसवायच्या आणि त्या कायम चालू स्थितीत ठेवायच्या, मालक सापडतच नसेल तर मग जागा वापरणाऱ्यावर येतं. आणि मालक म्हणजे नुसता उताऱ्यावर नाव असलेला नाही, भाडं घेणारा नि भाडं घ्यायचा हक्क असलेला पण त्याच्यात येतो. म्हणजे बिल्डिंग वडिलांच्या नावावर आहे, मी फक्त भाडं गोळा करतो, असं म्हणून पण सुटका नाही. कोणत्या बिल्डिंगला काय लागतं ते उंची, क्षेत्रफळ आणि वापर यावर ठरतं, ठराविक उंचीच्या वर गेली की हाय-राइज धरतात, दवाखाना होस्टेल लॉज क्लास यांचे नियम राहत्या घरापेक्षा कडक. तुमच्या बिल्डिंगचं नेमकं काय ते फायर विभागाकडून लिहून घ्या, माझ्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आणि एक मोठा गैरसमज आहे तो आधी काढून टाका. बांधकामाच्या वेळी फायरची एनओसी मिळाली, फाईलला लावली, फाईल लोखंडी कपाटात गेली, म्हणजे जन्माचं काम झालं, असं नसतं. सिस्टिम बसवली की लायसन्सवाली एजन्सी फॉर्म ए देते, हे बरोबर आहे म्हणून. त्यानंतर दरवर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी द्यायचा असतो, म्हणजे एजन्सीने तपासून लिहून द्यायचं की सगळं दुरुस्त आणि चालू आहे, आणि ते फायर ऑफिसरकडे पोचवायचं काम मालकाचं. जानेवारी आणि जुलै, लक्षात ठेवायला सोपं, एक संक्रांतीचा महिना नि एक पावसाळ्यातला. किती जण देतात ते मला माहितेय, तुम्हालाही माहितेय. नोटीस येऊनही ऐकलं नाही तर लाईट-पाणी तोडायचे, बिल्डिंग सील करायचे अधिकार आहेत त्या कायद्यात, दंड आहे, कैद पण आहे. आपल्याकडे इतकं होत नाही म्हणून आपण निवांत.

बरं, करारात लिहून टाकतात लोक. अकरा महिन्याच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये एक ओळ, "आगीसंबंधी सर्व जबाबदारी भाडेकरूची राहील." लिहा ना. लिहायला हरकत नाही, भाडेकरूने काय करायचं ते लिहिलंच पाहिजे, डिटेक्टरवर रंग मारायचा नाही, हूटरची (अलार्मच्या भोंग्याची) वायर काढायची नाही, जिन्यात माल ठेवायचा नाही. पण तुमच्या दोघांच्या स्टॅम्प पेपरने विधिमंडळाचा कायदा बदलत नाही. आणि विचार करा, भाडेकरूच्या ताब्यात त्याचा गाळा आहे, पॅनल जिन्याखाली आहे, जिना कॉमन आहे, हूटर पॅसेजमध्ये आहे, मेन बोर्ड तुमच्या मीटर रूममध्ये आहे. त्याने कुठून बघायचं? तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा रोज खाली येऊन टॉवेल उचलून बघणार आहे का?

दिल्लीचं उपहार सिनेमागृह आठवतं का, १३ जून १९९७. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये ट्रान्सफॉर्मर होता, वीज कंपनीचा, मालकांचा नव्हता. तिथून आग, धूर वर बाल्कनीत गेला, ५९ माणसं गेली, आणि बहुतेक जण भाजून नाही, धुराने गुदमरून. खाली धूर निघतोय हे वरच्यांना कोणी सांगितलंच नाही, माईकवरून सूचना नाही, सिनेमा चालूच. बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून एक वाट बंद केलेली. आता ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याचा होता म्हणून मालक सुटले का? नाही सुटले. वीस-वीस वर्षं कोर्ट चाललं, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, दोषी धरले, कोट्यवधीचा दंड भरावा लागला. आग दुसऱ्याच्या वस्तूला लागली तरी बिल्डिंग तुमची ती तुमचीच.

अलार्मचं महत्त्व मला त्याच केसने कळलं. धूर आगीच्या आधी पोचतो, झोपेत त्याचा वास येत नाही, माणूस जागाच होत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, मध्यरात्रीनंतर, दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूत. जे स्वतः उठून पळू शकत नाहीत त्यांच्यासाठी पहिली दोन मिनिटं म्हणजे सगळं, आणि ती दोन मिनिटं पाण्याने मिळत नाहीत, आवाजाने मिळतात.

आता तुमची खरी तक्रार. "भाऊ, ती सिस्टिम बोंब मारते, कारण नसताना." मान्य. शंभर टक्के मान्य. हूटरची वायर काढून टाकणारे नव्वद टक्के लोक यामुळेच काढतात, आळसामुळे नाही (नव्वद हा माझा अंदाज आहे, सर्व्हे नाही). पण बोंब का मारते ते कोणी विचारत नाही. धुराचा डिटेक्टर म्हणजे आत एक छोटी काळी डबी, तिच्यात एक बारीक दिवा नि एक डोळा, दोघं एकमेकांसमोर नाहीत, तिरपे. धूर आत गेला की उजेड विखुरतो, डोळ्याला दिसतो, पॅनल ओरडतं. आता धुळीनेही उजेड विखुरतो. जिनिंगजवळच्या बिल्डिंगमध्ये कापसाचे तंतू, मे महिन्यातली वावटळ, कुठे कोळ्याचं जाळं, कुठे दालमिलचा भुसा, हे सगळं त्या डबीला धूरच वाटतं. मग ती ओरडते, तुम्ही वायर काढता. अरे डबी साफ करा ना. सहा महिन्यातून एकदा ब्लोअर मारला, जाळी काढली तर निम्मी बोंब तिथेच थांबते. धुळीच्या ठिकाणी तीन महिन्यातून एकदा.

आणि बसवणाऱ्यांनी पण माती खाल्लेली असते, आमच्या लाईनचे लोक काही देवमाणसं नाहीत. मेसच्या किचनमध्ये धुराचा डिटेक्टर लावून ठेवलेला मी स्वतः काढलाय, एका होस्टेलवर. शेवभाजीची तर्री रोज होणार, मिरचीची फोडणी पडली की पाचव्या मिनिटाला पोरं खाली. पोरांनी काय केलं, डिटेक्टरवर पॉलिथिनची पिशवी रबरबँडने बांधून टाकली. किचनमध्ये उष्णतेचा डिटेक्टर लागतो, धुराचा नाही, तो फोडणीला घाबरत नाही. उलट बाजूने, पत्र्याच्या शेडमध्ये कमी डिग्रीवाला उष्णतेचा डिटेक्टर लावला, सत्तावन-अठ्ठावन्न डिग्रीला वाजणारा, तर भुसावळच्या मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीसच्या पुढे गेलं की पत्र्याखाली ते किती होणार, तो दुपारी दोन वाजता बोंबलणारच. तिथे जास्त डिग्रीचा घ्यायचा. कुठे कोणता, किती अंतरावर, हे सगळं आयएस २१८९ या मानकात लिहिलेलं आहे. पुण्या-मुंबईच्या ड्रॉइंगची झेरॉक्स आणून आपल्या उन्हात लावली की असंच होणार.

उन्हाचीच अजून एक गोष्ट, बॅटरी. ती सीलबंद बॅटरी पंचवीस डिग्रीच्या हिशोबाने बनवलेली असते, ढोबळ नियम असा की दहा डिग्री वाढले की आयुष्य निम्मं. जिन्याखालच्या बंद खोलीत, जिथे हवा नाही, तिथे पॅनल ठेवलं तर बॅटरी चार वर्षं कशी चालेल? दोन वर्षं धरा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकायचं आपल्याला आठवतं कारण पंखा बंद पडतो, कूलर बंद पडतो. अलार्मची बॅटरी मेली तर काहीच बंद पडत नाही, म्हणून कळत नाही. कळायचा एकच मार्ग, मेन बंद करायचा आणि बघायचं पॅनल जिवंत राहतंय का, मग भिंतीवरची अलार्मची लाल डबी दाबून हूटर वाजवून बघायचा. माझ्या शेठच्या बिल्डिंगमध्ये मी तेच केलं, मेन खाली ओढला आणि पॅनल गपकन विझलं. आठ वर्षांत हे कोणी एकदाही करून बघितलं नव्हतं.

आता इंटेरियर. भाडेकरू बदलला की नवीन माणूस येतो, प्लायवूडचे पार्टिशन टाकतो, पीओपीचं सीलिंग करतो, तुम्ही म्हणता कर बाबा, भिंतीला ड्रिल मारू नको फक्त. एका हॉलचे चार केबिन होतात आणि डिटेक्टर एकाच केबिनमध्ये राहतो, बाकी तीन आंधळे. किंवा सीलिंग खाली येतं, डिटेक्टर वर अंधारात, छताशी, कबुतरासारखा बसून. धूर खाली सीलिंगला थडकून पसरणार, वर जायला वेळ लागणार. पॅनलवरच्या पट्टीवर अजून लिहिलेलं असतं झोन ३, साडी गोडाऊन, आणि तिथे आता डेंटिस्ट बसतो. रात्री झोन ३ पेटला तर वॉचमन कुठे धावेल? म्हणून भाडेकरू बदलला, भिंत हलली, सीलिंग झालं, की त्याच आठवड्यात एकदा बघून घ्यायला माणूस बोलवा. मला नका बोलवू, दुसऱ्याला बोलवा, पण लायसन्सवाला असू द्या, राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडे यादी असते. गावातला सीसीटीव्हीवाला हुशार आहे, पोऱ्या चांगला आहे, पण फॉर्म बी वर त्याची सही चालत नाही.

सुरत आपल्याला परकं नाही. नंदुरबार-नवापूरचं अर्धं घर सुरतेला कामाला, तापी लाईनची गाडी पकडली की उधना. तिथे सरथाण्याला २४ मे २०१९ ला तक्षशिला आर्केडला आग लागली, वरच्या मजल्यावर क्लास, पोरं वरून उड्या मारताना सगळ्या देशाने मोबाईलवर पाहिली, २२ पोरं गेली. त्या आठवड्यात आपल्याकडे धडाधड क्लासेस तपासले, नोटिसा गेल्या, मला रोज दहा फोन. पावसाळा सुरू झाला, फोन बंद. वरच्या मजल्यावर, पत्रा टाकून, एकच जिना, आणि जिन्यात चपलांचा ढीग, असे क्लास नि अभ्यासिका आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत, आणि त्यांना जागा दिलेली माणसं हे पत्र वाचत असतील. तुम्हाला सुरतेचा व्हिडिओ आठवत असेल तर आज संध्याकाळी आपल्याच बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर जा. मालक असून किती वर्षांत गेला नाहीत ते आठवून बघा.

छोट्या घरमालकांना पण दोन शब्द. मी स्वतः भाड्याने राहतो बरं का, दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच. खाली नाना राहतात, मालक, वरती आम्ही चौघं, आणि जिन्याच्या तोंडाशी नानांची चार्जिंगची स्कूटर रात्रभर लावलेली. दुमजली घराला पॅनल नि हूटर लागत नाही, कायद्याने मागितलेलंही नाही, पण छताला चिकटवायचा बॅटरीवाला स्मोक अलार्म हजार-दोन हजारात मिळतो, एक बटण दाबलं की किंचाळतो. मी नानांना सहा महिने सांगतोय. नाना म्हणतात, "आठे काय आग लागस भाऊ?" म्हणजे इथे कसली आग लागतेय. शेवटी मीच आणला, मीच लावला, भाडेकरूने. टेक्निशियन असून घरमालकाला पटवू शकलो नाही, तर हे पत्र वाचून तुम्हाला काय पटणार, असं बायको म्हणते.

तिचा भाचा इंग्लंडला शिकायला आहे, लेस्टरला. त्याने सांगितलं, तिथे घर भाड्याने घेतलं त्या दिवशी घरमालकीण चावी घेऊन आली, आणि चावी द्यायच्या आधी प्रत्येक मजल्यावर जाऊन अलार्मचं बटण दाबून वाजवून दाखवलं. मी विचारलं बाई हौशी होती का. तर हौस नाही, तिकडे नियमच आहे, २०१५ पासून, भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म पाहिजे आणि भाडं सुरू होतं त्या दिवशी घरमालकाने तो चालतोय का ते तपासायचं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून भर पडली की भाडेकरूने बंद पडल्याचं कळवलं तर मालकानेच दुरुस्त करायचा किंवा बदलून द्यायचा, नाहीतर पाच हजार पौंडापर्यंत दंड. इंग्लंडचा नियम आपल्याला लागू नाही, पण चावी देताना बटण दाबायला कोणाची परवानगी लागते? मीटरचं रीडिंग तर दाखवतोच ना आपण, फोटो काढून ठेवतो, एक युनिट इकडेतिकडे होऊ देत नाही.

सोसायटीवाल्यांनो, तुमचं वेगळंच. तुमच्याकडे मालक खूप, म्हणून मालक कोणीच नाही. मीटिंगमध्ये गणपतीची वर्गणी दहा मिनिटात ठरते आणि पॅनलच्या बॅटरीचा विषय तीन मीटिंग पुढे जातो, कारण ग्राउंड फ्लोअरवाला म्हणतो मला काय करायचंय, मी तर दरवाजातून बाहेर. एका माणसाचं नाव ठरवा. कमिटीचं नको, एका माणसाचं. रजिस्टर त्याच्याकडे, त्यात तारीख, कोणता डिटेक्टर तपासला, काय बिघडलं, कोणी दुरुस्त केलं. आणि वॉचमनला शिकवा, तासभर लागतो. हिरवा म्हणजे लाईट आहे, पिवळा म्हणजे बिघाड, मालकाला फोन कर, लाल म्हणजे आग, आधी माणसं बाहेर काढ, मग १०१ किंवा ११२ लाव. बझर म्यूट करायचं बटण शेवटी दाखवा, आधी दाखवलं तर तो तेवढंच लक्षात ठेवतो. तालुक्याच्या गावाला बंब एखादा, तो दुसरीकडे गेलेला असला तर शेजारच्या गावाहून यायला किती वेळ लागतो ते तुम्हीच मोजा, म्हणून पहिली पंधरा मिनिटं तुमची तुम्हालाच काढायची असतात.

आणि शेवटचं, जरा कडू. आमच्याच लाईनमध्ये न बघता फॉर्म बी देणारे आहेत. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते, पैसे फोनपेवर जातात, शिडी गाडीवरून उतरतच नाही. तुम्हाला वाटतं स्वस्तात काम झालं. शेठ, तो कागद आग लागल्यावर तुमच्याच विरोधात जातो, कारण त्यावर लिहिलंय सगळं चालू आहे आणि बॅटरी फुगलेली आहे, म्हणजे तुम्हाला माहीत होतं की तुम्ही बघितलंच नाही, या दोन्हीतलं काय कोर्टाला सांगणार? माणूस तपासायला आला की त्याच्या मागे फिरा. हूटर वाजवून दाखव म्हणा. एक डिटेक्टर तुम्ही बोट दाखवाल तो, तो धूर मारून दाखव म्हणा. त्यासाठी स्प्रेचा डबा मिळतो, नुसती उदबत्ती धरणारा असेल तर त्याच्याकडे जरा नीट बघा.

माझ्या त्या शेठनी शेवटी काम केलं. कुरकुर केली, भाव केला, दोनशे रुपये कमी केलेच, पण केलं. केशरी टोप्या काढल्या, बॅटऱ्या बदलल्या, पॅनल खोक्यांच्या मागून काढून जिन्यासमोरच्या भिंतीवर, वॉचमनच्या खुर्चीसमोर आणलं. पहिल्यांदा हूटर वाजवला तेव्हा अभ्यासिकेतली पोरं पुस्तकं छातीशी धरून खाली आली, विचारत होती, "हा आपल्या बिल्डिंगमध्ये होता?" सगळ्यात शेवटी बाबा आला. त्याला तीन दिवे समजावले, त्याने दोनदा म्हणून दाखवले, मग हातातला टॉवेल कुठे टांगायचा म्हणून इकडेतिकडे बघायला लागला. खिळा मीच ठोकून दिला, पॅनलपासून चार हात लांब.

जुलै जवळ येतोय. ज्यांचा फॉर्म बी राहिलाय त्यांनी फोन करायच्या आधी एक करा, जिन्यातली पोती, सायकली नि खोकी हलवून ठेवा, शिडी उघडायला जागा लागते.

आपला,
शिडीवाला
जळगाव